उजव्या कमरेची तलवार

माझी मावसबहीण तुकईथडहून कॉलेजसाठी आमच्या घरी राहायला आली, तेव्हा मी नुकतीच बुऱ्हाणपूरच्या एका शाळेत गणित शिकवायला लागले होते. निन्जांच्या एका जपानी चित्रकथेचं वेड तिनंच मला लावलं. इतकी वर्षं चाललेली मालिका, दर रविवारी संध्याकाळी नवा भाग. आम्ही दोघी एका मोबाइलवर डोकी जोडून वाचायचो. ती पुढं काय होणार याचे अंदाज बांधायची, मी दोष काढायचे. बायकांना लेखकानं मलमपट्टीलाच ठेवलंय, असं मी म्हणाले की ती चिडायची.

कथेत सुरुवातीलाच नायकाची गुरू, एक बाई, पुलावरच्या लढाईत मरते. पुढं बऱ्याच भागांनंतर मुखवटा घातलेला एक निरोप्या येतो. तो कोण, यावर सगळीकडे वाद चालायचे. एका रविवारी बहिणीनं चित्र मोठं करून दाखवलं.

"ताई, पाह्य ना. त्याची तलवार उजव्या कमरेले हाये."

"तो क्या हुआ?"

"अवं, डावरी माणसंच उजवीकडे लटकावतील ना. आन् ती गुरूबाई डावरी होती. थेच हाये हा. मेलीच नाही ती."

बहीण स्वतः डावखुरी होती. डाव्या हातानं जेवते म्हणून लहानपणी तिनं पुष्कळ बोलणी खाल्ली होती. म्हणून तिला ते दिसलं. मी तेच चित्र चारदा पाहिलं होतं, मला दिसलं नव्हतं.

पुढं तिचं लग्न झालं, ती दापोऱ्याला गेली. बुऱ्हाणपूरपासून असं कितीसं लांब आहे ते? पण केळीचं शेत, सासरची माणसं, माझी शाळा, यात फोन कमी होत गेले. वाचायला सोबत उरली नाही, म्हणून मी टोपणनावानं एक पान सुरू केलं. त्यावर हिंदी-मराठी मिसळून समीक्षा लिहायचे. वाचणारे हळूहळू वाढले. आणि एका आठवड्यात लिहायला काही सुचेना, तेव्हा मी तलवारीची गोष्ट लिहिली. 'माझ्या लक्षात आलं' असं लिहिलं.

ती पोस्ट अशी पसरली की मी घाबरले. लोकांनी त्या पोस्टवर व्हिडिओ केले. कोणीतरी विचारलं, "दीदी, आप खुद लेफ्टी हो क्या? वरना ये दिखता नहीं." मी उत्तर दिलं, "हाँ."

त्या एका शब्दानं माझी झोप उडवली. वर्गात उजव्या हातानं फळ्यावर लिहिताना वाटायचं, मागं बसलेल्यांपैकी कोणी ते पान वाचत असेल तर? फोन वाजला की मी आधी नाव पाहायचे. बहिणीचा असला तर काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात तयार ठेवली होती. तिचा फोन आला नाही. न आल्यानं जास्त भीती वाटायची. आई म्हणाली, "इतकी का वाळलीस? तब्येत बरी नाही का?" मी परीक्षेचे पेपर तपासतेय म्हणून सांगितलं.

त्यातच पोस्टखाली एक वेगळी टिप्पणी आली. खात्यावर केळफुलाचा फोटो होता. लिहिलं होतं, 'डावखुरी माणसं उजवा हातही वापरतात. पाण्याचा पेला धरतात, दार ढकलतात. या निरोप्यानं इतक्या भागांत एकदाही उजवा हात वापरलेला नाही. त्याचा तो हात निकामी आहे. ती गुरू नाही.' लोक ते वाचू लागले होते. मी तिरमिरून उत्तर ठोकलं, 'आधीचे भाग नीट वाचा, मग बोला.' त्यानंतर त्या खात्यावरून काही आलं नाही.

महिनाभरानं मुखवटा उतरला. आत गुरू नव्हती. पुलावर तिला मारणारा शत्रूचा सैनिक होता. मरताना तिनं त्याचा उजवा हात कायमचा लुळा केला होता. तिचीच तलवार घेऊन तो डाव्या हातानं लढायला शिकला होता.

अर्ध्या तासात माझ्या पानावर थट्टा सुरू झाली. 'लेफ्टी दीदी कहाँ गईं?' तेव्हा मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. मी टाइप केलं, 'ही कल्पना मुळात माझी नव्हतीच, माझ्या बहिणीची होती.' वाहवा मिळत होती तेव्हा ती माझी होती. पाठवण्याआधी सहज खाली पाहिलं, तर लोक केळफुलवाल्या खात्याचं कौतुक करत होते. मी ती टिप्पणी पुन्हा वाचली. पेला धरतात, दार ढकलतात. हे कोण लिहील ते मला पहिल्याच वेळी कळायला हवं होतं.

टाइप केलेलं खोडलं. सोमवारी शाळा सुटल्यावर स्कूटी काढून थेट दापोऱ्याला गेले. रस्ताभर परत फिरावं असं वाटत होतं.

ती ओसरीत मेथी निवडत होती. मला पाहून उठली, पाणी आणलं, मावशी कशी आहे विचारलं. मग परत बसली. मी उभीच होते.

"ते खातं तुझं आहे ना?" मी विचारलं.

"हो."

"माझी पोस्ट कधी वाचलीस?"

"त्याच दिवशी." ती मेथीकडेच पाहत होती. "मले वाटलं तू फोन करशील. नाही केला. मग वाटलं, गलत हाये हे तरी सांगाव. तं तू मले म्हणतं, नीट वाचा."

"मला माहीत नव्हतं ते तू आहेस."

"दुसरं कोणी असतं तं चाललं असतं का?"

मी मोबाइल काढला आणि म्हणाले, "सगळं खरं लिहिते. तुझं नाव टाकू?"

"टाक. माहेरचं टाक."

मी तिथंच खाटेवर बसून लिहिलं. तिला दाखवलं. तिनं हात पुसून मोबाइल घेतला, वाचलं आणि बोट ठेवलं.

"'बहिणीनं सुचवलं' लिवलं तू. सुचवलं नव्हतं, सांगतलं होतं. आन् तू डावरी नाही, हे कुठी हाये?"

मी दोन्ही दुरुस्त केलं. मग बटण दाबलं. ती शेजारी बसून पाहत होती. शिव्या आल्याच. बरेच जण पान सोडून गेले, त्यात सुरुवातीपासून वाचणारेही होते. काहींनी तिचं नाव घेऊन तिला प्रश्न विचारले. ती आपल्या मोबाइलवर डाव्या हातानं सावकाश, एकेकाला उत्तर देत राहिली. तिच्या सासूबाईंनी आतून चहा ठेवू का म्हणून विचारलं, तेव्हाही तिनं मान वर केली नाही.

निघताना मी धीर करून विचारलं, "पुढं काय होईल असं वाटतं तुला?"

"वाटते ना काही," ती म्हणाली. "पण आता माहं मीच लिहीन."

आता रविवारी नवा भाग आला की मी आधी तिनं सुरू केलेलं पान उघडते. तिनं केलेला अंदाज मला वाटतं त्याच्या अगदी उलटा असला की तो भाग पुन्हा वाचते. तरी मी माझं लिहिते, आणि खाली तिची टिप्पणी येईपर्यंत मोबाइल हातातून सुटत नाही.