धवल्याला गिटारची साथ

आमच्या अंजूरच्या घरावर आम्ही दोन खोल्या चढवल्या, त्या भाड्यानं द्यायच्या म्हणूनच. गावच्या शेतांवर गोदामं उभी राहिली तसे भाडेकरूही येत गेले. आले तसे गेलेही. त्यातल्या फार थोड्यांचे चेहरे मला आठवतात. पण शिलाँगची ती मुलगी खोली बघायला आली तो दिवस मला नीट आठवतो, कारण तिच्यामागे जिना चढताना तिच्या पाठीवरची काळी पिशवी माझ्या कपाळाला लागली होती.

ती दापोड्याच्या एका गोदामात सुपरवायझर होती. एक सुटकेस, एक राइस कुकर आणि ती पिशवी, एवढंच सामान. सासूबाई खाली ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"ह्या काय हाय?"

"गिटार है, आजी."

"मोठ्यानं वाजतं काय?"

"नहीं आजी. छोटा आवाज."

सासूबाईंना ते पटलं नाही. आमच्याकडे वाजणारी कुठलीही गोष्ट टेंपोतून येते आणि ती लागली की कपाटातल्या काचा थरथरतात. हळदीला तर दोन आळ्या सोडून राहणाऱ्यालाही झोपता येत नाही. त्यामुळे 'छोटा आवाज' म्हणजे मुलगी आम्हाला गुंडाळते आहे, असंच त्यांना वाटलं. तरी खोली दिली. माझ्या लेकीच्याच वयाची होती, एवढं एक कारण पुरलं.

पहिले काही दिवस वरून काहीच ऐकू आलं नाही. मग एका रविवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा जिन्यावरून वाजण्याचा आवाज खाली आला. मी शाळेत मराठी शिकवते. संगीतातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण हात थांबले. एक जाड, संथ सूर एकसारख्या पावलानं चालला होता, आणि त्याच्यावर दुसरी एक बारीक, खेळकर चाल आपल्या मनासारखी वर जात होती, थांबत होती, पुन्हा निघत होती. दोघांनी एकमेकांना कुठेही धक्का दिला नाही.

सासूबाईंनीही ऐकलं. त्या मात्र खूश नव्हत्या.

"वर दुसरा कोन आलाय गो? एकटी हाय सांगून खोली घेतली, न आता दोघं वाजवतान. बग जाऊन."

मी गेले. दार उघडंच होतं. मुलगी खिडकीत पाय दुमडून बसली होती, मांडीवर गिटार. बाकी कुणी नव्हतं. मी वेड्यासारखं दारामागेही बघितलं.

"क्या हुआ, आंटी?"

"दुसरा कौन बजा रहा था?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती एवढी हसली की गिटारही तिच्याबरोबर हलायला लागली. मग तिनं मला जवळ बसवलं आणि उजवा अंगठा वर केला. "ये दूसरा आदमी," ती म्हणाली. अंगठा वरच्या तीन जाड तारांवर चालायचा, आणि पहिली तीन बोटं खालच्या बारीक तारांवर गाणं म्हणायची. तिनं आधी फक्त अंगठा वाजवून दाखवला, मग फक्त बोटं, मग दोन्ही एकत्र. एकत्र झाल्याबरोबर माझ्या अंगावर काटा आला. समोर बघत होते, एकच हात होता, तरी कान मानायला तयार नव्हते.

मी खाली येऊन सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "मना फसवतंस काय?" आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून स्वतः जिना चढल्या.

सासूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत मांडव घातल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, म्हणायचे असतात, आणि ते म्हणणारी धवलारीण नसेल तर विधी अडतात. एके काळी आजूबाजूच्या गावांतून त्यांना न्यायला माणसं यायची. ती आवतणं हळूहळू कमी झाली. एक तर हळदीचा सगळा भर डीजेवर गेला. दुसरं म्हणजे त्यांचा दम गेला. दोन ओळी म्हटल्या की श्वास अडकायचा, आणि अर्ध्यावर सोडलेला धवला त्यांना अशुभ वाटायचा. म्हणून त्यांनी म्हणणंच सोडलं होतं.

वर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मुलीच्या हाताकडे टक लावून बघत होत्या. मग खाटेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आमचा पन असाच. एक बाई फुरं म्हनते, दोघी मागून झेलतान. हिचा अंगठा झेलतंय."

त्या दिवसापासून रविवारची सकाळ बदलली. मुलगी गच्चीवर वाजवायची आणि आम्ही दोघी ऐकायला बसायचो. मी ऐकायला शिकले ते तिथेच. बोट एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना तारेवर जो चर्र आवाज होतो तो आधी मला चूक वाटायचा. नंतर तोच आवडायला लागला. माणूस श्वास घेतो तसा तो होता. नखानं छेडलेली तार चकचकीत वाजते, बोटाच्या मांसानं छेडलेली मऊ, हेही कळलं. ती तिच्या गावाकडच्या चाली वाजवायची, कधी दूरदेशीच्या लोकगीतांच्या. शब्द नसायचे, म्हणून मला वाटेल ते मी त्यात ऐकायचे.

सासूबाईंचं लक्ष तिच्या नखांकडे गेलं होतं. डाव्या हाताची अगदी मुळाशी कापलेली, उजव्या हाताची वाढलेली. "एकाच हाताची कापून कंटालली काय?" त्यांनी विचारलं. मी हिंदीत सांगितलं तेव्हा मुलीनं त्यांच्या हातावर एक वाढलेलं नख हळूच ओढून दाखवलं. "आजी, ये मेरा औजार है."

त्याच वर्षी माझ्या लेकीचं लग्न ठरलं.

आनंदाची बातमी, पण सासूबाई गप्प झाल्या. दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सगल्या गावाच्या पोरींना मी हलद लावली. माज्याच नातीला धवला न्हाय."

"दुसऱ्या कुणाला बोलावू या ना, आई."

"बोलवा." एवढंच म्हणाल्या. पण तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी हे वर जाऊन मुलीला सांगितलं. काही सुचवायला गेले नव्हते, मन मोकळं करायला गेले होते. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजी दो लाइन गा सकता है ना? बस, दो लाइन गाने दो. बाकी मैं देखता है." तिच्या हिंदीत सगळेच पुरुष असायचे, ती स्वतःसुद्धा.

मग शिकवणी सुरू झाली. सासूबाई दोन ओळी गुणगुणायच्या, दम घ्यायच्या, पुन्हा त्याच दोन ओळी. धवल्याची चाल अगदी थोड्या सुरांत फिरते. मुलीला ती लगेच आली, म्हणून ती तिच्यात नक्षी भरायला लागली. सासूबाईंनी हात वर करून थांबवलं.

"एवरी घाई कशाला? नवरी पलून चालली काय?"

मी भाषांतर केलं. मुलगी लाजली, पुन्हा वाजवलं, पुन्हा घाई. असं कितीदा तरी झालं. शेवटी तिनं तारांच्या खुंट्या पिळून तारा सैल करायला घेतल्या, तेव्हा सासूबाई ओरडल्या, "ए बाय, मोडू नको! मी काय रागावली न्हाय!" तिनं हसत सगळ्या तारा नव्यानं लावल्या. आता कुठेही न दाबता हात फिरवला तरी सगळी गिटार एकाच सुरात घुमायची. त्या घुमण्यावर तिनं धवला ठेवला, साधा, एकही नक्षी नाही. मागे झेलणाऱ्या बायका जणू येऊन बसल्या. सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडून पुढची ओळ आपोआप निघाली, आणि दम अडकला तिथून चाल गिटारनं उचलली. सासूबाईंनी श्वास घेतला, पुन्हा आत शिरल्या. धवला पुरा झाला.

मग सासूबाई म्हणाल्या, "हिला जेवाला वाढ."

मांडवाच्या आदल्या दिवशी मुलगी कामावरून आली ती रडवेली होऊन. खोक्याची पट्टी ओढताना उजव्या हाताची दोन नखं मुळापासून तुटली होती. ती बोटं माझ्यासमोर धरून म्हणाली, "आंटी, औजार गया."

घरात त्या वेळी माझी लेक बसली होती आणि तिच्यापुढे पार्लरवाली बाई, नवरीची नखं करायला आलेली. लेकीनं मुलीचा हात बघितला आणि स्वतःचा हात बाईच्या हातातून काढून घेतला.

"ताई, आधी हिची करा."

"दोनच?" पार्लरवालीनं विचारलं.

"दोनच. पण एकदम घट्ट. त्यांच्यावर लग्न अडलंय."

बाईनं आयुष्यात असं गिऱ्हाईक बघितलं नसणार. नख चिकटवलं की मुलगी गिटारवर वाजवून बघायची आणि म्हणायची, "थोडा छोटा." बाई घासायची. पुन्हा वाजवणं, पुन्हा घासणं. शेवटी जमलं. लेकीचा हट्ट म्हणून त्या दोन्ही नखांवर नवरीच्याच रंगाची लाल चमकी लागली. आम्ही सगळ्या हसून हसून दमलो.

दुसऱ्या दिवशी मांडवात बायका जमल्या. सासूबाई हिरव्या लुगड्यात, मुलगी माझ्या लेकीच्या साडीत, पदर तिसऱ्यांदा खोचून. दोघी पाटावर बसल्या. पहिली ओळ निघाली आणि त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी डीजेवाल्यांनी बॉक्स तपासायला घेतले. धाड, धाड, धाड. गिटार कुठल्या कुठे गेली.

डीजे माझ्या दिरांनी ठरवला होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान. ते धावत आले. "माइक देऊ? बॉक्सला जोडतो तिची गिटार, पार काल्हेरपर्यंत ऐकू जाईल!"

सासूबाई उठल्या. "काल्हेरला कशाला ऐकवाचा? ज्यांना ऐकाचा त्यांनी आत या."

सगळ्या बायका आतल्या खोलीत शिरल्या. मावत नव्हत्या तरी मावल्या. कुणी दार लावलं, कुणी पंखा बंद केला. मी लेकीच्या मागे भिंतीला टेकून उभी होते. सासूबाईंनी सुरुवात केली. एवढ्या जवळून मला अंगठ्याचा ठोका जमिनीतून तळपायाला लागत होता. सासूबाईंचा दम संपला, गिटारनं ओळ उचलली, आणि मग जे झालं ते आमच्यापैकी कुणीच ठरवलं नव्हतं. कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या, ज्या सासूबाईंच्या मागे तरुणपणी झेलायच्या, त्यांनी ती ओळ तोंडात घेतली. मग आणखी काहींनी. मला धवले येत नाहीत, तरी माझेही ओठ हलले. हळदीचा हात लेकीच्या गालाला लागला तेव्हा खोली भरून गेली होती, आणि त्या सगळ्या आवाजांखाली ती गिटार ठाम चालली होती. लाल नखं तेवढी चमकत होती.

दार ढकलून दीर आत डोकावले. काहीतरी सांगायला आले होते, ते विसरले. तसेच उंबऱ्यात उभे राहिले, धवला संपेपर्यंत. मग म्हणाले, "आई, तू अजून म्हनतेस की गो!"

"तुज्या बॉक्सांत ऐकू कुठनं यायचा?" सासूबाई म्हणाल्या, आणि सगळी खोली हसली. दीर सगळ्यांत जास्त.

संध्याकाळी डीजे वाजलाच, आणि वाजायलाच हवा होता. हळद म्हटल्यावर नाचणार नाही तर काय करणार? गोदामातली ती शांत मुलगी असं नाचली की दिरांनी तिच्यासाठी दोनदा गाणं बदललं. मीही नाचले. शाळेतल्या कुणी बघितलं नाही, हे बरं झालं.

लेक सासरी गेली. घर काही दिवस रिकामं वाटलं. मग एका दुपारी शेजारच्या गावातून एका नवऱ्या मुलाची आई आली. नारळ आणि तांदूळ पुढे ठेवून म्हणाली, "काकी, आमच्या मांडवाला याल काय? न ती गिटारवाली पन पाहिजे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना किती आनंद झाला ते त्या लपवत होत्या आणि लपत नव्हतं. "माजा काय," त्या म्हणाल्या, "पोरीची ड्युटी बघावी लागेल."

मुलीनं शिफ्ट बदलून घेतली. त्या सकाळी तिनं मैत्रिणीची स्कूटर आणली, पण गिटार ठेवायची कुठे हा प्रश्न पडला. तिच्या पाठीवर घेतली तर मागे सासूबाईंना बसायला जागा उरेना. मी म्हटलं, "मी रिक्षानं आणते मागून."

"रिक्षात आदलेल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर कमरेला खोचला, दोन्ही हात मागे केले आणि मला सांगितलं, "माज्या पाठीला बांध."

मी पट्टे ओढून बसवले. त्या स्कूटरवर एका बाजूला पाय टाकून बसल्या, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघी नाक्याच्या दिशेनं निघाल्या. चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. सासूबाईंनी कुणाकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी रिक्षावाल्याला हात केला आणि म्हटलं, "त्या गिटारच्या मागे चला."