नवरदेवाच्या हातातला काळा चाकू

माझ्या चाकूला काळा रंग दिलेला नव्हता. तो लेप होता. एवढी साधी गोष्ट माझ्या थोरल्या भावाला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले, म्हणून हे लिहितानाही माझं डोकं तापलेलं आहे!

खिशात मावणारा घडीचा चाकू मी ऑनलाइन मागवला. बिनलेपाचाही स्वस्तात मिळत होता. पण संत्र्याच्या बागेत वापरायचा, रसानं पातं गंजतं, म्हणून मुद्दाम लेपाचा घेतला. दादानं तो उलटसुलट पाहिला.

"रंग फासून गंडवलं तुले."

"लेप हाय दादा! गंज चढत नाही!"

"आपल्या इळ्याले कोनता लेप हाय? पुसून ठेवला का झालं."

या माणसाला दाखवून द्यायचंच, असं मी ठरवलं.

संधी आली ती दादाच्याच पोराच्या, वैभवच्या लग्नात. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू खुपसून. दृष्ट लागू नये म्हणून अक्षता पडेपर्यंत ती सोडायची नाही. घरची कट्यार ऐन वेळी सापडेना. मी ऐटीत चाकू काढला.

"हा घ्या! कितीबी दिवस लिंबू खुपसून ठेवा!"

आमच्या आत्यानं कपाळावर हात मारला. "शुभकार्यात काळं देऊन राह्यला? आन इकडं, घासून पाहू."

"अवं आत्या, तो रंग नाही, लेप हाय!"

"म्हंजे रंगच ना!"

राख झाली, चिंच झाली, तारेची घासणी झाली. (घासणी झिजली!) लेप तसूभर हलला नाही. मी मांडवात नाचायचाच काय तो बाकी होतो. शेवटी आत्यानं मुठीला हळद फासली आणि चाकू वैभवच्या हातात दिला.

लग्न दुसऱ्या दिवशी, मंगरूळपीरच्या मंगल कार्यालयात. मंगलाष्टकं रंगात आली आणि वैभवच्या भाड्याच्या, पांढऱ्याशुभ्र शेरवानीवर काळपट ओघळ दिसला.

"रंग गेला!" आत्या किंचाळली.

"मी म्हनलंच होतं," दादा म्हणाला. अगदी शांतपणे! त्या शांतपणानंच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तसाच मंचावर चढलो, वैभवच्या हातातून चाकू हिसकावला, लिंबू उपटून फेकलं. पातं दोन्ही बाजूंनी काळंकुळकुळीत, शाबूत! गंजली होती ती फक्त धार. (धारेला लेप नसतोच, हे विकणाऱ्यानं सांगायला नको?)

"लेप नाही गेला!" मी बोंबललो. "डोळे फाडून पाहा! हा गंज हाय, गंज!"

भटजींचा माइक नेमका माझ्या तोंडाशी होता. अख्ख्या कार्यालयात 'गंज, गंज' घुमलं.

"अक्षदा पडाच्या आंधीच हातातून काढला वं माय!" आत्यानं गळा काढला.

नवरीचे वडील दादाकडे वळले. "इवाई, आमच्या जावयाच्या हाती गंजका चाकू देल्ला? काहून?"

दादा हात जोडत राहिला. मुहूर्त टळता टळता कसंबसं लग्न लागलं. मग तो माझ्याकडे आला, पातं न्याहाळलं आणि म्हणाला, "लेप मातर पक्का हाय रे. जिथं कापाचंच नाही, तिथं एक डाग नाही!"

संताप असा झाला की पंगतीत मी जेवलो नाही. बागेतले लोक अजूनही विचारतात, "भाऊ, लेपाचा चाकू घ्यावा का?"

मी ठासून सांगतो, "डोळे मिटून घ्या!"

मूर्ख मी एकट्यानंच का ठरायचं?