यावेळी उपस्थित होते

पळसदेवचा समाधान बनसोडे हा इंदापूरच्या माझ्या साप्ताहिकाचा वार्ताहर. आमच्याकडं बातमीत निम्मी जागा उपस्थितांच्या नावांनाच जाते. एक नाव राहिलं की तो माणूस अंक घेऊन दारात हजर, आणि संपादक म्हणून बोलणी मी खायची. समाधाननं मात्र चार वर्षांत एकही नाव गाळलं नाही.

प्रादेशिक सेनेची भरती निघाली. बातमी आणायला पाठवलं, तर पठ्ठ्या स्वतःचाच अर्ज भरून आला. वय एकोणतीस, पण पळाला उसातनं कोल्हा सुटल्यासारखा. झाला भरती. मी महिनाभर चिडून होतो.

सवय मात्र सुटली नाही. काश्मीरहून मेसेज यायचा, ‘आज रस्त्यावरचा बर्फ काढला. यावेळी सुभेदारसाहेब, सहा जवान व दोन खेचरं उपस्थित होती.’

यंदा सुटीवर आला तेव्हा गावानं त्याचा सत्कार केला. माझ्याकडं दुसरा माणूस नव्हता, म्हणून बातमी त्यालाच लिहायला लावली. गळ्यात हार तसाच ठेवून त्यानं ती मोबाईलवर लिहिली. सरपंचांपासून मांडववाल्यापर्यंत सदतीस नावं. मी डोळे झाकून छापली.

अंक निघाला त्या दिवशी त्याची आई ठमाबाई ऑफिसात आल्या. म्हटलं, यांचं नाव राहिलं वाटतं. त्यांनी अंक माझ्यापुढं धरला. मथळा होता, ‘ग्रामस्थांतर्फे जवानाचा सत्कार’.

“दीपकराव, समद्यांची नावं हायती. माझं बी हाय,” त्या म्हणाल्या. “पन ह्यो जवान कोन?”