ओढ्यापलीकडच्या गाईचं पाणी

वाटणीच्या दिवशी कासरे, पेंडीची पोती, दुधाचे कॅन, कडबाकुट्टीची जादा पाती असं सगळं अंगणात दोन ढिगांत पडलं. पंचांनी खोरी-कुदळीसुद्धा सोडल्या नाहीत. एक डबा मात्र कुणाच्याच ध्यानात आला नाही. नव्या गोठ्याच्या खांबावर, पत्र्याच्याही वर, जेवणाच्या डब्याएवढा पांढरा डबा. गाईंच्या पोटात ज्या कांड्या आहेत त्या जे सांगतात ते हा डबा ऐकतो आणि माझ्या फोनवर धाडतो. डबा माझ्या खांबावर, फोन माझ्या खिशात, आणि त्यातल्या तीन गाई धाकट्या भावाच्या दावणीला, ओढ्यापलीकडं. मध्ये हाक पोचेल एवढंच अंतर. आम्ही हाक मारायचं सोडलं, पण डब्याला ऐकू येत राहिलं.

आम्ही मेंढरांमागं फिरलेल्या घरातले, कवठे महांकाळच्या पूर्वेचे. मिसरूड फुटायच्या आत मी साताऱ्याला गेलो, तिथल्या एका कारखान्यात मशीनवर उभा राहिलो आणि पोटाला चिमटा घेऊन साठवलं ते जनावरांत घातलं. जनावरांच्या बाजारात आमच्याकडं भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर टॉवेल टाकायचा आणि आतून एकमेकांची बोटं दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. त्या टॉवेलाखाली मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. धाकटा तेव्हा शेजारी उभा असायचा. टॉवेलाखालचं त्याला दिसायचं नाही, पण माझ्या जबड्याकडं बघून सौदा तुटणार की जुळणार ते तो आधीच ओळखायचा.

ठिपकी मी मेढ्याकडच्या एका म्हाताऱ्याकडून आणली. काळीभोर कालवड, कपाळावर चुन्याचं बोट लावल्यागत पांढरा ठिपका. म्हातारा तिला विकायला तयार नव्हता. दोन खेपा मोकळ्या हातानं परत आलो, तिसऱ्या खेपेला घेऊनच उतरलो. आणली मी, वाढवली धाकट्यानं, हे मी नाकारत नाही. आज गोठ्यात दिसतं त्यातलं निम्मं रक्त तिचं आहे.

कांड्या आल्या त्या वाटणीच्या आधी. पुण्याच्या कंपनीचा माणूस दाखवायला आला होता. मक्याच्या अर्ध्या कणसाएवढी जड कांडी, लांब नळीतून घशाखाली उतरवली की गाईच्या दुसऱ्या पोटात जाऊन बसते. पुन्हा बाहेर येत नाही. अंगातला ताप, रवंथ, हालचाल, सगळं आतून कळवत राहते. त्या माणसाशी मी इतका वेळ भाव केला की शेवटी त्यानं स्वतःच चहा मागितला. कांडी घालायला दोन माणसं लागतात, एक डोकं धरणारा आणि एक ढकलणारा. ठिपकी धाकट्याशिवाय कुणाला डोकं धरू द्यायची नाही. त्यानं तिचा जबडा काखेत घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दादा, हिच्या पोटात काय चाललंय ते आता तुला फोनवर कळणार. आन तुझ्या पोटात काय चाललंय ते आमाला कवा कळायचं?"

"डोकं नीट धर," मी म्हणालो.

मग घरात बायकांचं आणि पोरांचं जमेना, आणि वाटणी निघाली. आमच्याकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. मी डोकं चालवलं. एका वाट्याला डांबरी रस्त्याकडची जमीन, नवा मुक्त गोठा, दूध काढायचं मशीन आणि बाकीच्या गाई. दुसऱ्याला ओढ्यापलीकडचं माळरान, जुना गोठा, बोअर, आणि ठिपकी व तिच्या दोन पोरी. शहाणा माणूस पहिला वाटा उचलणार यात मला शंका नव्हती. मग ठिपकी माझी. गोठा काय, एकदा बांधला तसा परत बांधला असता. तसली गाय परत मिळत नाही.

धाकट्यानं पहिल्या वाट्याकडं बघितलंसुद्धा नाही. पंचांसमोर म्हणाला, "मला ठिपकी पायजे. दादानं लय खस्ता खाल्ल्यात, मोठा वाटा त्येलाच ऱ्हाऊ दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदोघांनी डोळे पुसले. मी खांद्यावरचा टॉवेल जमिनीवर आपटून उठलो आणि पंगतीला बसलो नाही. लोकांना वाटलं, एवढं मिळूनही याचं पोट भरलं नाही. आजही टपरीवर हेच सांगतात की धाकट्यानं सोन्यासारखा गोठा थोरल्याला सोडला. मला हवा होता तो वाटा त्यानं नेला आणि वर मोठेपणाही नेला. हे कुणाला सांगायचं? त्यानं माझा जबडा वाचून मुद्दाम केलं, की त्याला खरंच फक्त गाय हवी होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींतलं काहीही असलं तरी मला राग येतोच.

आमचं बोलणं तिथं थांबलं. फोनवरच्या त्याच्या तीन गाई काढून टाकणं बोटाचं काम होतं. कंपनीच्या माणसानं कसं करायचं ते दाखवलंही होतं. बघू, म्हणालो.

सकाळी चहाबरोबर मी आधी माझ्या गाई बघायचो. मग बोट आपोआप खाली सरकायचं. गाय पाणी प्यायली की पोटातली कांडी गार होते आणि फोनवरची सरळ रेघ एकदम खाली येते, मग हळूहळू वर चढते. तो खड्डा बघितला की पाणी कधी पाजलं ते कळतं. माझ्या गाई मोकळ्या, हौदावर मनाला येईल तेव्हा पितात. त्याच्या दावणीला, त्यानं पाजलं की पितात. त्यामुळं त्याचा दिवस मला दिसायचा. बाजाराच्या दिवशी पहिला खड्डा लवकर पडायचा. पाहुणे आले असले की दुपारचा लांबायचा. एकदा ओळीनं तिन्ही गाईंना भलत्या वेळी पाणी पाजलेलं दिसलं. पोरीला साताऱ्याला कॉलेजला सोडून उशिरा आला असणार, असा मी अंदाज बांधला आणि तो खरा निघाला.

थंडीत आणखी एक दिसायचं. माझ्या हौदातलं पाणी रात्रभर गारठतं, म्हणून माझ्या गाईंचे सकाळचे खड्डे विहिरीसारखे खोल. ठिपकीचा मात्र बशीसारखा उथळ. कारण मला माहीत होतं. लहानपणी पहाटे आम्ही दोघं विहिरीच्या इंजिनाच्या पाइपाखाली अंघोळीला उभे राहायचो. पहिलं पाणी बर्फासारखं यायचं, मी तसाच घुसायचो, आणि हा चड्डीवर कुडकुडत बाजूला उभा राहून म्हणायचा, थांब की, कोमट येऊ दे. जमिनीतलं पाणी वाफाळत आलं की मगच आत यायचा. गाईंनाही तो तसंच पाजतो. बोअर सोडायची, पाइपातलं गार पाणी वाहू द्यायचं, हात घालून बघायचं आणि मग बादली लावायची. ती बशी दिसली की मला पाइपाखालचा तो उघडा पोरगा दिसायचा. चहा गार होऊन जायचा.

या पौषात बशीची विहीर झाली. पहिल्या दिवशी वाटलं बोअरची मोटार जळाली असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही. खड्डे पडत होते, वेळेवर पडत होते, पण खोल. कुणीतरी टाकीतलं शिळं पाणी पाजत होतं. तो हात त्याचा नव्हता.

बायकोला विचारलं. ती भाकरी थापत होती, वर न बघता म्हणाली, "भावजींना साताऱ्याला नेलंय, पोरीजवळ. शेणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. आपरेशन झालं."

"मला कुणी का न्हाई सांगितलं?"

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, दादा दवाखान्यात येऊन डाक्टरशी भाव करत बसल."

मी तांब्या आदळला. मग पिकअप काढली.

साताऱ्यात शिरताना जुन्या कारखान्याचं फाटक लागलं. पहिल्या सुट्टीला घरी निघालो तेव्हा धाकट्यासाठी तिथल्याच दुकानातून बॅटरी घेतली होती, ते आठवलं. दवाखान्याच्या दारात गाडी लावण्यावरून वॉचमनशी भांडलो, तेव्हा जरा बरं वाटलं. तो खाटेवर पडलेला, दाढी वाढलेली, पाय उशीवर. पुतणी स्टूल सोडून बाहेर गेली. त्यानं छताकडं बघितलं, मी खिडकीकडं. मी फोन काढून ठिपकीची रेघ त्याच्यापुढं धरली.

त्यानं बराच वेळ बघितलं. "ह्यो खड्डा कसला?"

"पाण्याचा."

"एवढा खोल? टाकीतलं पाजतीया बायको." मग बोटानं पडदा मागं सरकवत गेला. मागच्या आठवड्यातून मागच्या महिन्यात, तिथून गेल्या थंडीत. बशा आल्या. तो थांबला. "तू ह्ये रोज बघत हुतास?"

"फोनवर येतंय ते. बंद करायला सवड झाली न्हाई."

"वाटणीपासनं?"

त्यानं माझ्या जबड्याकडं बघितलं आणि तोंड वळवलं. मग म्हणाला, "मी येस्तवर पाणी तू पाज. काय घेशील बोल."

"ठिपकी."

"ती सोडून बोल."

"मग काय नको."

"गाभण हाय ती. कालवड झाली तर तुझी."

त्यानं चादरीखालून हात पुढं केला, बाजारात करतात तसा. मी माझा आत घातला. त्याची बोटं नुसती हाडं राहिली होती. त्यानं काही दाबलं नाही, मीही नाही. नर्स आली तेव्हा हात बाहेर काढले. निघताना पुतणीच्या फोनमध्ये ते ॲप घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता ओढा ओलांडला. भावजय पदर सावरून बाजूला झाली. मी बोअर सोडली, पाइपातलं गार पाणी वाहू दिलं, हात घालून बघत राहिलो. ठिपकीनं मला ओळख दाखवली नाही. पाणी प्यायली, नाक झटकलं आणि कडब्याकडं वळली. घरी पोचायच्या आत पुतणीच्या फोनवरून त्याचा आवाज आला, "कोमट येऊ दिलंस व्हय." मी व्हय म्हणालो. तो बरं म्हणाला. एवढंच.

व्यायच्या आदल्या दिवशी गाईच्या अंगातली ऊब जरा उतरते, रेघही उतरली. मी साताऱ्याला फोन केला तर त्यानं आधीच बघितलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती व्याली. मी वासराचं नाकतोंड पुसलं, मागचा पाय उचलून बघितला, आणि खाली बसलो. खोंड.

फोनवर सांगितलं. पलीकडून हसण्याचा आवाज, खुबा दुखत असल्यागत अडखळत. "पुढच्या येताला बघू, दादा," तो म्हणाला.

म्हणजे पुन्हा सौदा त्यानंच मारला. वाटणीत माझं जे गेलं ते गेलंच, ते मी विसरणार नाही. पण पुढच्या येतापर्यंत, म्हणजे ती परत व्यायेपर्यंत, त्या कांडीची बॅटरी टिकत नाही, असं कंपनीचा माणूस म्हणतो. नवी आणून ठेवलीय, तिचाही भाव केला. ती कपाटात पडून आहे, कारण डोकं धरणारा अजून साताऱ्यात पोरीच्या खोलीवर वॉकर घेऊन चालतोय. उन्हाळा सरल्यावर येईल म्हणतात. ठिपकीची रेघ आता मधूनमधून तुटते. तुटली की मी ओढा ओलांडून जातो, गाय बघतो आणि लगेच साताऱ्याला फोन लावतो. तुटलेली रेघ तिकडंही दिसत असते.