खोलीतला दिवा

माझी आत्या टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात, लॅबमध्ये काम करते. तिथला एक नियम तिच्या अंगात भिनलाय. बीजं किंवा गर्भ ठेवलेल्या कुठल्याही डिशला हात लावण्याआधी तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचं, आणि शेजारच्याने ते बघून "बरोबर" म्हणायचं. तोवर हात पुढे जात नाही.

घरी मात्र तिला "बरोबर" म्हणणारं कुणी नव्हतं. तिची मुलगी सातव्या महिन्यात पोटातच गेली, नाव ठेवायच्या आत. काका, म्हणजे तिचा नवरा, तेव्हा म्हणाले, "अगं, जाऊ दे. पुन्हा होईल." पुन्हा काही झालं नाही, आणि काकांनी तो विषय कायमचा गिळून टाकला. सज्जन माणूस, पण नुसता दगड! मला त्यांचा भयंकर राग यायचा.

बाळासाठी रिकामी केलेली छोटी खोली तशीच राहिली. रोज संध्याकाळी तिथे दिवा लावून आत्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "आमची मुलगी." मग थांबायची. दिवा बंद करायला बटणाकडे गेलेला हात खाली यायचा आणि दिवा रात्रभर जळत राहायचा. त्या उजेडाची मला लहानपणापासून भीती वाटते.

मोठी झाल्यावर मी एकदा विचारलंच, "आत्या, अजून किती दिवस?"

"पुरुषांचं बरं असतं गं," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "वयात आले की कारखाना सुरू, तो पार म्हातारपणापर्यंत. एका पेशीतून चार शुक्राणू, रोज नवा माल. म्हणून यांना वाटलं, पुन्हा होईल. आपली बीजं आईच्या पोटात असतानाच तयार होऊन थांबलेली असतात. नंतर भर नाही. आणि पिकताना एका पेशीतून एकच धड बीज, बाकीचे चिमुकले तुकडे वाया." सुरी थांबली. "ती गेली तेव्हा तिची सगळी बीजं तिच्यात होती. मी तिला एकटीला नाही पोचवलं. मला त्या खोलीत खूप पावलं ऐकू येतात."

मी वळून पाहिलं. मागे काका रिकामा कप घेऊन उभे होते. ते तसाच कप घेऊन परत गेले.

त्या संध्याकाळी आत्या पुन्हा दारात गेली. "आमची मुलगी."

मीच तोंड उघडणार होते, तेवढ्यात काकांचा घोगरा आवाज आला. "बरोबर."

आत्याने वळून पाहिलं नाही. चौकट घट्ट धरून तिने विचारलं, "आणि तिच्यातली?"

"तीसुद्धा," काका म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

आत्याने दिवा मालवला. अंधारात आता आम्ही तिघंही कान देऊन उभे होतो.