अंगठ्याची वेळ

थोरलीचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाचला नगरपालिकेच्या आवारात यंत्रावर अंगठा लावायचा, मग हातगाडी ढकलत बाजाराचा रस्ता. लांब दांड्याचा झाडू ओढताना जोर कमरेतून यायला हवा. मनगटातून ओढला की दुपारी घास उचलवत नाही. धाकट्या जावेला हे तिनंच शिकवलं. दोघी एकाच रस्त्यावर झाडत, एकाच पत्र्याखाली राहत, आणि कूलरसाठी एकाच डब्यात पैसे टाकत.

त्या उन्हाळ्यात नगरपालिकेनं हवामान बदलाचा आराखडा केला. साहेबांनी कामगारांना बोलावून सांगितलं, यापुढे सफाई दहालाच संपेल, उन्हात कुणी थांबायचं नाही. टाळ्या झाल्या. धाकटीची सगळ्यात मोठी.

दुसऱ्या दिवशी दहाला सगळ्या आवारात आल्या, तर यंत्र अंगठा घेईना. त्यात सुटीची वेळ एकचीच होती. सुटीचा अंगठा नाही, तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

"यंत्र ठेकेदाराचं," मुकादम म्हणाला. "वेळ त्याच्याच कचेरीतून बदलते. साहेबांनी कळवलंय."

"तोवर?"

"सावलीत बसा."

"कुठली सावली? आराखड्यातली?" धाकटी म्हणाली. मुकादमालाही हसू आवरेना.

विसाव्याची खोली बांधून तयार होती. वीज जोडायची राहिली म्हणून तिला कुलूप होतं. काम करताना निदान भिंतीच्या सावलीनं सरकता येई. इथं आवारात एक वाजेपर्यंत नुसतं तापलेल्या फरशीवर बसायचं. महिना उलटला तरी यंत्राची वेळ तीच.

एके दिवशी धाकटीचा घाम थांबला, अंग मात्र भाजत होतं.

"ऊठ, घरी चल."

"आणि अर्धा दिवस? कूलर काय तुमचे दीर आणणार आहेत, जाऊबाई?"

थोरलीनं मुकादमाकडे कुलपाची किल्ली मागितली. किल्ली साहेबांकडे होती, साहेब आराखड्याच्या बैठकीला. ती परत आली तेव्हा धाकटी आडवी झाली होती. रिक्षात घालताना तिनं डोळे किलकिले केले. "एक वाजला का?"

धाकटी वाचली, पण झाडू सुटला. चार पावलं चालली की खाली बसते. कूलरचा डबा दवाखान्यात रिकामा झाला. थोरलीचा त्या महिन्याचा पगारही सलाइनच्या बाटल्यांत गेला. धाकटीचा पगार आला, शेवटचा अर्धा दिवस कापून.