हात ढिला सोड

मी भित्री होते, हे आधीच सांगून टाकते. पुढे तीस वर्षं मास्तरीण म्हणून पोरांना धाकात ठेवलं, पण अठराव्या वर्षी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले तेव्हा मला रात्रंदिवस एकच धास्ती होती. माझी आई बाळंतपणात गेली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला गोठ्यात नेऊन बसवलं होतं आणि दोन दिवस मी तिचं ओरडणं ऐकलं. तिसऱ्या दिवशी ते थांबलं. मरणाचं मला तितकं वाटत नव्हतं, पण तो आवाज आता माझ्या तोंडून निघणार, या विचारानं भरलं ताट मी तसंच सारायचे.

हे बाबांना सांगायची सोय नव्हती. आईचं नाव निघालं की ते उठून बैलांकडे जायचे. सुगंधाआत्या, म्हणजे बाबांची बहीण, आई गेल्यापासून आमचं घर सांभाळत होती. तिला सांगावं तर ती म्हणणार, "साऱ्या बायाच बाळंत होतेत, तूच का नवाईची?" म्हणून मी गप्प होते.

माझं गुपित काढून घेतलं ते हाजराबाईनं, आणि तेही चुड्या भरताना.

हाजराबाई मूल गावची. नवरा नूर मोहम्मद आठवडी बाजारात चुड्यांचं दुकान मांडायचा आणि ही डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरायची. आमचं गाव मूलपासून तीन कोसांवर, पण कुणाच्या पोरीच्या मनगटाला कोणतं माप लागतं हे तिला तोंडपाठ. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरायला तिलाच बोलावणं जायचं आणि नववा भरला की बाळंतपणालाही तिलाच. ती दाई कशी झाली, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "एका बाईचा हात धरून बसली होती. तिची सुटका झाली. मंग दुसरीनं बोलवलं." एवढंच. अंगानं उंच आणि सुकी, तोंडात सदा पान, आणि स्वभाव असा की चहा पातळ झाला तर घरच्या सासूलाही सुनावायची. आत्या तिची कपबशी वेगळी ठेवायची, पण घरातलं पहिलं लेकरू मात्र तिच्याच हातात द्यायची. याचा मला तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

त्या दिवशी माझे हात सुजलेले. हाजराबाईनं माझी बोटं जुळवली, अंगठा आत दुमडला आणि चुडी सरकवली. अंगठ्याच्या गाठीपाशी येताच मी हात आवळला. चुडी फुटली. दुसरीही फुटली. आत्याचं तोंड उतरलं, सातव्या महिन्यात चुडी फुटणं काही बरं नाही. हाजराबाईनं मात्र आत्याला चहा टाकायला पाठवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कोनाले भेतेस?"

"कोनाले नाई."

"मंग हात काऊन आवळतेस? हात ढिला सोड, बेटी. आवळशीन तं फुटंन, अन् लागंन बी."

मी रडले. गोठा, दोन दिवस, तो आवाज, सगळं तिला सांगितलं.  माझं बोलणं संपलं तेव्हा पाहते तर दोन्ही हातांत चुडा भरून झालेला होता, आणि तो कधी भरला ते मला कळलं नव्हतं.

तिनंच बाबांना सांगितलं, की पोरीला एकदा चांदा शहरातल्या दवाखान्यात दाखवून आणा. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात बंडी जुंपली, मूल गावाहून आगगाडीत बसवलं आणि आम्ही चांद्याला गेलो. तिथल्या नर्सबाई मायाळू होत्या. मी लाज सोडून विचारलं, दुखू नये म्हणून काही औषध आहे का? त्या म्हणाल्या, "सुई आहे. दुखणं पुरतं जात नाही, गुंगी येते आणि धार कमी होते. पण ती वेळ पाहून द्यावी लागते, नाहीतर बाळ मलूल होतं. तू कळा लागल्यावर तीन कोस बंडीतून आणि पुढे आगगाडीनं येणार कशी? पंधरा दिवस आधीच येऊन राहा." बाबा लगेच म्हणाले, "राहू. धान गेलं खड्ड्यात." ऐन कापणीत शेत सोडायला आमच्या भागातला शेतकरी असा तयार झाला, हे मी पुढे सांगायचे तेव्हा कुणाला खरं वाटायचं नाही.

आत्याचा उपाय वेगळा होता. तिच्या लुगड्याच्या गाठीत हरभऱ्याएवढी अफू होती, कळा लागल्या की द्यायला. हाजराबाईनं ती हुंगली आणि सरळ चुलीत टाकली. "हे घेतलं तं शकू बी झोपंन अन् लेकरू बी झोपंन. मंग बाहेर कोन येईन, तू?" पुढच्या खेपेला आत्यानं तिला चहा विचारला नाही.

आणि तिसरा उपाय हाजराबाईचा स्वतःचा, मरियमचं फूल. तिचे सासरे जलालुद्दीन हजला गेले होते, त्यांनी ते आणलेलं. फूल कसलं, मुठीएवढं वाळकं झुडूप, काड्या आत वळून घट्ट झालेल्या. बाळंतिणीच्या समोर परातीत कोमट पाण्यात ठेवायचं. ते हळूहळू उमलतं, आणि ते उमललं की बाई मोकळी होते, असं मानायचे. सुकलं की पुन्हा मिटतं. चाळीस वर्षांत ते कुणब्यांच्या, तेल्यांच्या, गोंडांच्या घरी जाऊन आलं होतं. नियम एकच. पाचवीच्या पूजेनंतर ते कोरडं करून परत पोचवायचं.

शेवटच्या दोन महिन्यांत तिनं मला कामाला लावलं. उकिडवं बसून अंगण सारवायचं, मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कंबरेला चोळून घ्यायचं, आणि ती आली की दर वेळी चुडा उतरवायचा आणि पुन्हा भरायचा. मला वाटे, ही बाई माझ्या हाताला खेळणं समजते. पण चांद्याला जायचंच होतं म्हणून मी तिचं मुकाट्यानं ऐकत होते.

चांद्याला जायचं राहिलंच. दिवाळी झाली, बोचकं बांधून झालं, सोमवारी निघायचं ठरलं आणि शनिवारी सकाळी अंगण सारवतानाच पहिली कळ आली. वीस दिवस आधी. बाबा बंडी घेऊन निघाले आणि हाजराबाईला घेऊन आले. मग ते घरात थांबले नाहीत. गोठ्यात जाऊन बसले, जिथे मी बसले होते तिथेच.

हाजराबाईनं परात मागितली, फूल पाण्यात ठेवलं, माझ्या दोन्ही मनगटांना हळदीचा दोरा बांधला. मग माझा हात हातात घेतला. कळ आली की ती एक चुडी उतरवायची. "हात ढिला सोड." मी आवळला की थांबायची. सैल सोडला की चुडी निघायची आणि तेवढ्यात कळही ओसरायची. दुखलं नाही असं मी म्हणणार नाही. कंबर मोडून जाईल असं दुखलं. मी ओरडले, आणि ओरडता ओरडता मला कळलं की हा आईचा आवाज नाही, हा माझाच आहे. मग भीती कुठे गेली ठाऊक नाही. दुपारी उन्हं अंगणात असतानाच मुलगी झाली. परातीत पाहिलं तर फूल पसरून ताटाएवढं झालं होतं.

साऱ्या गावानं फुलाचा महिमा गायला. मीही गायला.

आणि बाबांनी काय केलं, ते ऐका. बाबांनी जन्मभर धान रोवलं. पाण्यात ठेवल्यावर जे उघडतं ते जिवंत असतं, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. जिवंत रोप वाळवून फडक्यात बांधणं त्यांना पाप वाटलं. त्यांनी फूल नेलं, विहिरीजवळ वाफा केला, शेणखत घातलं आणि लावलं. रोज पाणी घालायचे. मला म्हणाले, "हे इथी जगलं तं या गावातली एक बी पोरगी तुह्या मायसारखी जानार नाई." मी बाळंतिणीच्या खोलीत होते. मला नियम ठाऊक होता, तरी मी त्यांना थांबवलं नाही. इतक्या वर्षांनी त्यांनी आईचं नाव घेतलं होतं.

बाराव्या दिवशी हाजराबाई फूल न्यायला आली, तेव्हा ते चिखलात काळं पडून कुजलं होतं. बाबा हात जोडून उभे राहिले. ती वाफ्यापाशी बसली, बोटानं माती बाजूला केली.

"चाळीस साल झाले, लटारूभाऊ," ती म्हणाली. "साऱ्यायनं त्याले सुकवलंच. जगवाले पाह्यलं ते तुमीच."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. आत्यानं विचारलं, "तुही लेक सलीमा कवा येते बाळंतपनाले?" हाजराबाई हात धूत म्हणाली, "आली हाय. पहिलंच हाय तिचं. पौषात होईन." आणि टोपली उचलून गेली.

पौषात आमच्याकडच्या बाजाराला नूर मोहम्मद आला तो उदास. म्हणाला, पोरगी जेवत नाही, फूल फूल करते. लहानपणापासून तिनं ते आईच्या पेटीत पाहिलेलं. ते आपल्याच बाळंतपणाकरता आहे, असं ती धरून चाललेली. आम्हाला सव्वा महिना होऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच मी लेकीला कुशीत घेतलं आणि बाबांनी बंडी जुंपली.  वाटभर त्यांची उजवी मूठ मिटलेली, एका हातानंच बैल हाकत होते.

मूलला पोचलो तर कळा सुरू झालेल्या. लेकीला बाबांच्या मांडीवर दिलं आणि मी आत गेले. सलीमा भिंतीकडे तोंड करून, दात आवळून पडलेली. हाजराबाई तिच्या पायथ्याशी. माझ्याकडे पाहून तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"किती बायांचं केलं, मोजलं नाई," ती म्हणाली. "पन आपल्या पोरीले पाहून हातच चालत नाई, शकू."

तिला असं पाहून मला रडू फुटलं. पण रडायला मी आले नव्हते. मी हिरव्या चुड्यांची लड मागून घेतली, सलीमाच्या उशाशी बसले आणि तिचा हात धरला.

"फूल आनलं का?" तिनं विचारलं.

"नाई. आमच्यानं गेलं. मी आली हाव."

ती माझ्यावर चिडली, आणि चिडायलाच हवं होतं. कळ आली. मी चुडी सरकवली, तिनं हात आवळला, चुडी फुटली. माझं बोट कापलं. "हात ढिला सोड, सलीमा. तू चुड्यावाल्याची पोरगी, तुले का मी शिकवू?" दुसरीही फुटली. तिसऱ्या कळेला ती मोठ्यानं ओरडली आणि ओरडताना हात सुटला. चुडी मनगटात गेली. तिनं डोळे उघडून मनगटाकडे पाहिलं. चौथ्या वेळी तिनं आपणहून हात पुढे केला.

दोन्ही हात भरले, मग एकेक करून उतरवल्या, मग पुन्हा भरल्या. किती वेळा, ते आठवत नाही. उन्हं वर आली. हाजराबाई आधी नुसती पाहत होती. मग उठली, हात घासून धुतले, पदर खोचला आणि मला म्हणाली, "आता जराशीक सरक." तिचे हात थरथरत नव्हते. नातू तिनं स्वतः झेलला.

दुपारी ती बाहेर आली. अंगणात बाबा माझ्या लेकीला घेऊन बसले होते, सकाळपासून तसेच. ते उठले.  नुसती उजवी मूठ पुढे केली. बोटं पांढरी पडली होती. ती मूठ पहाटेपासून तशीच होती. मला वाटतं, त्याच्याही आधीपासून.

हाजराबाईनं ती मूठ दोन्ही हातांत घेतली, बाईचा हात घ्यायची तशीच.

"हात ढिला सोडा, लटारूभाऊ."

बाबांनी मूठ उघडली. तळव्यात फुलाच्या दोन काड्या होत्या, मातीतून काढून, धुऊन, सुकवलेल्या. नियमाप्रमाणे ते परत द्यायला आले होते. तिनं त्या घेतल्या आणि पदराला बांधल्या. बाबा तिथेच खाली बसले आणि रडले. आई गेली त्या दिवशीही ते रडले नव्हते. हाजराबाई त्यांचा हात धरून बसून राहिली, ते थांबेपर्यंत.